आवक-जावक

आवक क्रमांक तीनशे बारा.
पाश्कोल कार्दोज, मुक्काम असोळणे.
फुटबॉल प्रशिक्षक, मानधन तत्त्वावर.
अर्हतेच्या रकान्यात
निळ्या बॉलपेनानं लिहिलेलं :
डावा पाय.

मी हसले नाही.
मी कुडचड्याचीच. बाबांच्या ट्रकच्या काचेवर
खनिजाची तांबडी धूळ बसायची
आणि तिच्यात बोटानं लिहिलेलं त्याचं नाव,
खाली अकरा.
फातोर्ड्याला फायनल होती, कोलकात्याचे एका गोलानं पुढे,
सात मिनिटं उरलेली, आणि रेडिओवरचा माणूस
इंग्रजी सोडून कोकणीत ओरडायला लागला.
चुलीवरचं हुमण उतू गेलं.
त्या रात्री बाबा जेटीपर्यंत हॉर्न वाजवत गेले,
रिकाम्या रस्त्यावर.

असोळण्याला भात कापून झालं की
धसकटांत अनवाणी खेळायचा म्हणे.
खाली टोचतं, म्हणून चेंडू हवेतच ठेवायची सवय.
बाबांचं हे स्पष्टीकरण. खरंखोटं त्यालाच माहीत,
मी कधी विचारलं नाही.
खाण कंपनीनं त्याला टाइमकीपर केलेला :
सकाळी सही, मग सराव.
गुडघा गेला, खुर्ची राहिली.
खाण बंद पडली, खुर्चीही गेली.

चतुर्थीच्या सुट्टीनंतर आला आमच्याकडे.
तीन आठवडे पोरांना चेंडू दिला नाही.
मैदानात डोळे मिटून उभं करायचा,
'आयक. कोण खंय आसा?'
प्राचार्य खिडकीतून बघायचे, म्हणायचे,
योगाचं मानधन वेगळ्या शीर्षाखाली जातं.
चौथ्या आठवड्यात चेंडू निघाला जाळीतून.
सावर्ड्याचा हर्षद सुटला त्याच्यामागं जिवाच्या आकांतानं.
'अरे, बॉल धांवतलो. तूं कित्याक धांवता?'

पहिल्याच फेरीत हरलो. चार-शून्य.
पण दुसऱ्या अर्ध्यात केव्हातरी
चेंडू आमच्या पोरांकडं आला आणि राहिला.
मी मोजत होते : चौदा, पंधरा, सोळा पास,
सतरा.
अठरावा थेट गटारात.
सगळं मैदान गप्प.
टाळ्या वाजवत होता तो एकटा,
गुडघ्यावरचा हात काढून.

मग लेखापरीक्षण.
उमेदवार सातवी पास. शारीरिक शिक्षणाची पदवी नाही.
'डावा पाय' ही अर्हता कोणत्या नियमान्वये ग्राह्य धरली,
खुलासा करावा.
खुलासा मीच टाइप केला. तीनदा.
दर खेपेला फातोर्ड्याच्या त्या गोलापर्यंत यायचे
आणि खोडायचे.
शेवटी लिहिलं, नजरचुकीने.
जावक क्रमांक आठशे एकसष्ट.
एकूण दिवस सत्तर, रविवार धरून.

चेक न्यायला आला तेव्हा
स्कूटर स्टँडवर लावत होता,
तेवढ्यात मैदानातून एक चेंडू घरंगळत आला,
अगदी डाव्या पायाशी.
तो वाकला, गुडघा सांभाळत,
आणि दोन्ही हातांनी उचलला,
बाजारातून कलिंगड उचलावं तसा.
'हॅण्ड!' पलीकडून कुणीतरी ओरडलं.
पाश्कोलनं लगेच हात वर केला,
पंचासमोर करतात तसा,
आणि हसला.

चेकवर मी आडनाव चुकवलं होतं : कार्डोझो.
बदलून देते म्हटलं, उद्या या.
'राव दी,' म्हणाला. 'बँकेंत म्हाका सगळे वळखतात.'

आवक क्रमांक नऊशे चार.
बँकेकडून परत.
शेरा : नाव जुळत नाही.